एबी फॉर्मवर कुणाचे नाव? पक्षांच्या उमेदवार निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांच्या उमेदवार निवड समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

वाशिम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ओळख अशी की, गेली २४ वर्षे मी एका पक्षाचा बूथप्रमुख आहे. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकदा नाव लिहिले की बाकीचे पक्ष हे पत्र त्या एकाच पक्षासाठी आहे असे समजून बाजूला ठेवतील, आणि मला तर ते सर्वांनी वाचायला हवे आहे. घरोघर मतदार चिठ्ठ्या पोचवणे, मतदानाच्या दिवशी पहाटे यंत्र तपासण्याच्या अभिरूप मतदानाला हजर राहणे आणि संध्याकाळी केंद्राध्यक्षांच्या सहीचा, बूथवर झालेल्या मतांच्या नोंदीचा १७-सी नमुना घेऊन कार्यालयात जाणे, यात माझी उमेदीची वर्षे गेली. मी मुसलमान आहे, हे या पत्राच्या विषयामुळे सांगावे लागत आहे. चिठ्ठ्या वाटताना ते सांगण्याची वेळ कधी आली नव्हती.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांवर दोन्ही मोठ्या आघाड्यांनी मिळून ९६ उमेदवार उभे केले. त्या ९६ जणांत एकही मुस्लिम नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिमांचे प्रमाण साडेअकरा टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख माणसे, इतके आहे. एवढ्या लोकांमधून दोन आघाड्यांतील सहा प्रमुख पक्षांना एकही नाव सुचले नाही, याचे मला त्या वेळी दुःख झाले. पण त्याहून अधिक दुःख झाले ते ही गोष्ट किती सहज पचली गेली याचे. एका ज्येष्ठ मुस्लिम नेत्याने आपल्याच पक्षाच्या प्रचार समितीचा राजीनामा दिला, दोन-चार दिवस बातम्या आल्या, आणि प्रचार पूर्वीसारखाच सुरू राहिला. मीही चिठ्ठ्या वाटल्याच.

थोडे मागे जाऊन पाहिले तर हा एका निवडणुकीचा अपघात नव्हता हे दिसते. २००४ मध्ये कुलाब्यातून बॅ. ए. आर. अंतुले निवडून आले. त्यानंतर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार निवडणुकांत महाराष्ट्रातून १९२ खासदार निवडले गेले, आणि त्यांत मुस्लिम खासदार एकच होता, तोही २०१९ मध्ये, आणि तोही प्रस्थापित आघाड्यांपैकी कुणाच्याही चिन्हावर नव्हे. देशपातळीवर चित्र याहून फार निराळे नाही. १९८० च्या लोकसभेत ४९ मुस्लिम सदस्य होते. २०२४ मध्ये ते २४ उरले, म्हणजे लोकसंख्येत १४ टक्क्यांहून अधिक असलेल्या समाजाचे ५४३ जणांच्या सभागृहात साडेचार टक्केही प्रतिनिधी नाहीत. २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातील ८० जागांवर एकही मुस्लिम निवडून आला नव्हता. सध्या केंद्रात सत्तेवर असलेल्या आघाडीच्या बाकांवर लोकसभेत एकही मुस्लिम सदस्य नाही, आणि जुलै २०२२ पासून केंद्रीय मंत्रिमंडळातही नाही.

या आकड्यांवर नेहमी एक उत्तर मिळते की, मतदारच निवडून देत नाहीत, त्याला पक्ष काय करणार? हे उत्तर मला खोटे वाटते, आणि ते का खोटे वाटते हेच या पत्रात सांगायचे आहे. मतदार नाकारतात असे म्हणायला आधी त्यांच्यासमोर नाव तरी यायला हवे. नाव येते ते पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवरून, आणि एबी फॉर्मवर सही होते आपल्या समितीच्या निर्णयानंतर. वृत्तसंस्थांच्या मोजणीप्रमाणे देशातील प्रमुख पक्षांनी २०१९ मध्ये ११५ मुस्लिम उमेदवार दिले होते, ते २०२४ मध्ये ७८ वर आले. हे ३७ जण कोणत्याही मतदाराने पाडलेले नाहीत. मतदाराला त्यांचे नाव कळण्याआधीच ते यादीतून गेले.

मी मुलाखतींच्या दालनात एकदा बसलो आहे, म्हणून तिथले सांगतो. जिल्ह्याच्या पक्ष कार्यालयात लोकसभेसाठी इच्छुकांच्या मुलाखती होत्या. माझा एक सहकारी, जो दोनदा नगरसेवक आणि एकदा नगराध्यक्ष राहिला आहे, ज्याच्या काळात गावातल्या शेवटच्या दोन वस्त्यांना नळाचे पाणी पोचले, तो आपली फाइल घेऊन आत गेला. अनुमोदक म्हणून मी सोबत होतो. फाइलमध्ये सहाही विधानसभा क्षेत्रांची बूथनिहाय आकडेवारी होती, जी आम्ही दोघांनी १७-सी नमुन्यांवरून चार महिने बसून तयार केली होती. निरीक्षकांनी फाइल उघडली नाही. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि आपुलकीने, अगदी मनापासून विचारले, “तुमच्या समाजाची मते तर आपल्यालाच आहेत, मग उमेदवारी कशाला पाहिजे?” नंतर त्यांनी ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून येण्याची क्षमता, हा शब्द वापरला आणि चहा मागवला. माझा सहकारी त्यांना काही बोलला नाही. बाहेर आल्यावर त्याने फाइल माझ्याकडे दिली आणि म्हणाला, “सांभाळून ठेव, मेहनत आहे त्यात.”

निरीक्षकांच्या त्या प्रश्नात आपल्या सर्वांचा हिशेब आला आहे. जो समाज कुठे जाऊ शकत नाही असे आपल्याला वाटते, त्याला काही द्यावे लागत नाही. आणि जो समाज मिळणारच नाही असे दुसऱ्या आघाडीला वाटते, त्यालाही काही द्यावे लागत नाही. एका बाजूला खात्री आहे, दुसऱ्या बाजूला नकार आहे, आणि दोन्हींचे फळ एकच, कोरी यादी.

२०२४ मध्ये धुळ्यात काय घडले ते आठवून पाहावे. तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना मालेगाव मध्य या एका विधानसभा क्षेत्राने १ लाख ९४ हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली आणि त्या एकूण ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या मुस्लिम मतदाराने हिंदू महिला उमेदवाराला डोळे झाकून नव्हे, विचार करून मत दिले. आघाडीचा धर्म त्याने पाळला. त्याचे मोल त्याला काय मिळाले? एका बाजूने त्या मतदानाला ‘व्होट जिहाद’ असे नाव दिले गेले, आणि ज्यांना त्या मतांनी विजय मिळाला त्या बाजूने त्याचा अर्थ असा लावला की, मुस्लिम उमेदवार न देताही मते मिळतात. आपली मते दुसऱ्याला देणे हा जर गुण असेल, तर तो गुण एकाच समाजाकडून का मागितला जातो? आघाडीतील मोठ्या समाजांच्या मतदारांना कधीतरी कुणी असे विचारले आहे का की, आमच्या मुस्लिम उमेदवाराला तुमचे मत द्याल का? विचारल्याशिवाय ते नाही म्हणतील असे गृहीत धरणे हा त्या मतदारांवरही अन्याय आहे, असे मी म्हणेन.

मी असे म्हणतो त्यामागे आठवण आहे. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मी नववीत होतो. वाशिम लोकसभा मतदारसंघात तेव्हा काँग्रेसने काश्मीरच्या गुलाम नबी आझाद या तरुणाला उभे केले होते. त्यांना मराठी येत नव्हते, त्यांचा इथे नातलग नव्हता, आणि वाशिममध्ये मुस्लिम बहुसंख्य तर सोडाच, त्याच्या जवळपासही नव्हते. आमच्या शेजारचे पाटील, जे अब्बांना ‘भाई’ म्हणत आणि ज्यांच्या बैलगाडीतून आमच्या घरचा कापूस जिनिंगला जाई, ते मतदान करून आले तेव्हा अब्बांना म्हणाले, “भाई, तुमच्या माणसाला दिलं.” अब्बा म्हणाले, “पाटील, माझा कुठला, बाईंचा माणूस आहे.” दोघेही हसले. गुलाम नबी निवडून आले, आणि १९८४ मध्ये पुन्हा आले. त्याच १९८० मध्ये औरंगाबादमधून काझी सलीम हे कवी खासदार झाले. तो इंदिराबाईंच्या लाटेचा काळ होता हे मी मान्य करतो, आणि बाहेरून उमेदवार आणण्याच्या पद्धतीचे मी समर्थन करत नाही. पण लाटेतसुद्धा मतदार नाव वाचतो. पाटलांनी नाव वाचले होते, म्हणून तर ते अब्बांना ते वाक्य बोलले.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे, आणि ते माझ्या समाजाचे नाही. १९९८ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेस आणि रिपब्लिकन नेत्यांची युती झाली आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चारही नेते लोकसभेवर निवडून आले. या चारही जागा सर्वसाधारण होत्या, राखीव नव्हत्या. बौद्ध समाजातील नेत्यांना सर्वसाधारण जागेवर मराठा, कुणबी, माळी, मुस्लिम अशा सर्वांची मते मिळाली, कारण युतीच्या नेत्यांनी आपल्या कार्यकर्त्यांना ती मिळवून द्यायला सांगितले होते. आमच्या भागात तेव्हा ज्या गावांत बौद्धवाड्याला विहिरीवरून वाद होते, त्या गावांतही पंजाच्या जुन्या कार्यकर्त्यांनी निळा झेंडा खांद्यावर घेतला होता. मतांचे असे हस्तांतरण आपोआप होत नाही. पक्षाने ठरवले तर होते. १९९८ मध्ये ठरवले होते, आणि त्यानंतर तसे ठरवलेले मला दिसले नाही.

आता घटनेचा प्रश्न. काही जण मला विचारतात की, तुम्ही धर्माच्या नावाने राखीव जागा मागता का? नाही, मी त्या मागत नाही. मुस्लिमांनी मुस्लिम प्रतिनिधी वेगळा निवडायचा, अशा स्वतंत्र मतदारसंघांचा जो प्रयोग १९०९ च्या कायद्याने सुरू झाला त्याने काय केले ते या देशाने पाहिले आहे. संविधान सभेने ऑगस्ट १९४७ मध्ये संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवण्याचे मान्य केले होते, आणि मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांपुरती ती तरतूद काढून टाकली गेली. त्या वेळी सभेच्या सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांना विरोध केला तो या विश्वासाने की, वेगळ्या खणात बसलेला अल्पसंख्याक कायमचा वेगळाच राहतो. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांनी त्या जागा हव्यात असा आग्रह धरला होता. मला या दोघांतील बेगम साहेबांची बाजू बरोबर वाटते. पाकिस्तानात आज राष्ट्रीय सभेत बिगर-मुस्लिमांसाठी १० राखीव जागा आहेत, पण त्या पक्षांच्या यादीतून भरल्या जातात आणि त्या प्रतिनिधींना त्यांचा समाज स्वतः मत देऊन निवडत नाही. तसली सोय मला नको.

पण १९४९ चा तो सौदा एकतर्फी नव्हता, हे आपल्या समित्यांनी लक्षात घ्यावे. त्याच चर्चेत सरदार पटेलांनी अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांवर विश्वास ठेवायला सांगितले, आणि लगोलग बहुसंख्याकांनाही सांगितले की, अल्पसंख्याकांना काय वाटते आणि आपण त्यांच्या जागी असतो तर आपल्याला काय वाटले असते याचा विचार करणे आपले काम आहे. त्याआधी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हटले होते की, येथील अल्पसंख्याकांनी बहुमताचे राज्य निष्ठेने स्वीकारले आहे, आणि ते बहुमत मुळात राजकीय नसून जमातीचे आहे. तेव्हा अल्पसंख्याकांबाबत भेदभाव न करण्याचे कर्तव्य बहुसंख्याकांनी ओळखले पाहिजे. हे कर्तव्य कुणी पार पाडायचे? लोकसभेच्या निवडणुकीपुरते विचाराल तर ते पक्षांनी पार पाडायचे, कारण राखीव जागा सोडल्यानंतर अल्पसंख्याक उमेदवाराला सभागृहाकडे नेणारा दुसरा रस्ता उरला नाही. २५,००० रुपये अनामत भरून अपक्ष उभे राहता येते, हे खरे. पण जिथे उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्चाची परवानगी आहे आणि सहा विधानसभा क्षेत्रांत मिळून दोन हजारांच्या आसपास बूथ सांभाळावे लागतात, तिथे अपक्षाचा रस्ता कुठे संपतो हे आपण मला सांगायची गरज नाही, मी त्या बूथवर बसलेलो आहे.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती फक्त पक्षांच्या हातात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. महाराष्ट्रातील नवबौद्धांना लोकसभेच्या राखीव जागेवरून उभे राहण्यासाठी धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षे थांबावे लागले. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम आजही थांबलेले आहेत. अँग्लो-इंडियन समाजासाठी लोकसभेत असलेल्या दोन नियुक्त जागाही जानेवारी २०२० मध्ये संपल्या. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये असेही दाखवून दिले होते की, मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, तर अनुसूचित जातींची संख्या तिथे तितकी नाही. पुढच्या मतदारसंघ पुनर्रचनेच्या वेळी आपले प्रतिनिधी हा मुद्दा मांडतील का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आता ‘इलेक्टिव्ह मेरिट’कडे येतो, कारण शेवटी सगळे या शब्दापाशी येऊन थांबते. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ज्या उमेदवारावर फौजदारी खटले प्रलंबित आहेत त्याला उमेदवारी देताना पक्षाने त्याची निवड का केली याची कारणे जाहीर करावीत, आणि केवळ तो निवडून येऊ शकतो हे कारण पुरेसे मानले जाणार नाही. म्हणजे निवडून येण्याची क्षमता हे पूर्ण उत्तर नव्हे, हे देशातील सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला लेखी कळवले आहे, आणि त्याप्रमाणे आपण वर्तमानपत्रांत जाहिरातीही देता. मी त्या जाहिराती वाचतो. ज्याच्यावर खटले आहेत त्याच्याविषयी ‘समाजकार्य’, ‘जनसंपर्क’, ‘खटला राजकीय हेतूने’ अशी कारणे आपण शोधून लिहिता. ज्याच्यावर एकही खटला नाही, ज्याने वस्तीत पाणी आणले, त्याला नाकारण्याचे कारण मात्र कुठे लिहावे लागत नाही.

शिवाय पराभवाचा हिशेबही दोन वह्यांत लिहिला जातो. मोठ्या समाजातील उमेदवार पडला तर तो स्वतःच्या नावावर पडतो. त्याचा संपर्क कमी होता, साखर कारखाना अडचणीत होता, भाऊ फुटला, अशी कारणे निघतात आणि पुढच्या वेळी त्याच समाजातील दुसऱ्या कुणाला उमेदवारी मिळते. मुस्लिम उमेदवार पडला तर तो समाजाच्या नावावर पडतो, आणि पुढची २० वर्षे ‘तिथे देऊन पाहिले होते’ एवढे वाक्य पुरते. दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये लंडनच्या होबॉर्न मतदारसंघात पडले. त्यानंतर इंग्लंडच्या पंतप्रधानांनी जाहीर भाषणात त्यांच्या रंगावरून बोलून दाखवले की, काळ्या माणसाला इंग्लिश मतदारसंघ निवडून देणार नाही. तरीही १८९२ मध्ये ते लिबरल पक्षाच्या बाजूने सेंट्रल फिन्सबरीतून उभे राहिले आणि अवघ्या पाच मतांच्या फरकाने जिंकले. पराभवानंतर पुन्हा उभे राहण्याची ही मुभा एका पारशी माणसाला परक्या मुलुखात मिळाली. ती आपल्या पक्षांत, आपल्याच राज्यात, आपल्याच लोकांना मिळू नये?

२०१९ मध्ये औरंगाबादेत एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, तेव्हा बहुतेक पक्षांनी त्याचा दोष मतविभागणीला दिला. चौरंगी लढत होती, मतविभागणी झालीच होती. पण त्या निकालातून जो धडा घ्यायला हवा होता तो कुणी घेतला नाही. मतदाराला आपल्यातले कुणी सभागृहात हवे असते, आणि मोठे पक्ष ते देत नसतील तर तो जिथे मिळेल तिथे जातो. मग त्यालाच धर्माच्या नावावर मत दिले म्हणून बोल लावायचा, हे मला पटत नाही. धर्माच्या नावाने मते मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) खाली भ्रष्ट आचार आहे आणि तो तसाच राहावा. पण उमेदवार एका धर्माचा असणे म्हणजे धर्माच्या नावाने मते मागणे नव्हे. तसे असते तर आपल्या ९६ जणांच्या यादीचाही विचार करावा लागला असता.

राज्यसभेवर घेतो, विधान परिषदेवर पाहू, हे आश्वासनही आम्ही बरेचदा ऐकले आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले मुस्लिम सदस्य इम्रान प्रतापगढी हे उत्तर प्रदेशातील आहेत. त्यांच्याविषयी माझी व्यक्तिगत तक्रार नाही, ते चांगले बोलतात. पण ज्याला मतदाराने निवडले नाही तो मतदाराला उत्तर द्यायला बांधलेला नसतो, आणि मराठीत भांडण करणारा, ग्रामपंचायतीपासून वर आलेला मुस्लिम कार्यकर्ता त्या निवडीत पुन्हा एकदा बाजूला राहतो.

मुस्लिम खासदार असल्याने काय फरक पडतो, असे मला माझ्याच मुलाने विचारले होते. त्याला मी दुकानातला नोव्हेंबर २०२२ सांगितला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे अर्ज त्या वर्षी नेहमीप्रमाणे भरून झाले होते. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला १,००० रुपये मिळायचे. त्यासाठी आया उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, शाळेचे बोनाफाइड घेऊन माझ्या दुकानात तास तास बसत. अर्ज भरून झाल्यावर कळले की, पहिली ते आठवीची शिष्यवृत्तीच बंद झाली आहे आणि ती फक्त नववी-दहावीला राहील. अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच सुमारास बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. एक बाई, जिच्या तीन मुलींचे अर्ज होते, ती मला विचारत राहिली की, अर्जात काही चुकले का? तिला वाटले तिचेच काहीतरी चुकले. अशा वेळी सभागृहात उठून बोलणारा कुणीही चालतो, तो मुस्लिमच हवा असे नाही. चांगले हिंदू, शीख, ख्रिश्चन खासदार अनेकदा बोलले आहेत. पण ती बाई ज्या गल्लीत राहते त्या गल्लीतून सभागृहात गेलेले कुणी असेल, तर त्याला तिचा प्रश्न निवेदन मिळेपर्यंत थांबून कळत नाही. ३ एप्रिल २०२५ च्या पहाटे वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाले. ते चांगले की वाईट, यावर समाजातही दोन मते असू शकतात. वक्फच्या जमिनींत घोटाळे झाले आहेत हे आम्हीच सर्वांत आधी सांगू. पण त्या रात्री महाराष्ट्राच्या ४८ बाकांवर असा एकही जण नव्हता की ज्याच्या आजोबांची कबर वक्फच्या जमिनीवर आहे.

समाज म्हटले की चार घराणी आणि दोन मौलाना, असा समजही सोडावा ही विनंती. बागवान, तांबोळी, मोमीन, मन्यार, कुरेशी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम ओबीसी जातींतून आज वकील, डॉक्टर, सरपंच, बचतगट चालवणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या आहेत, आणि त्यांना उमेदवारीच्या दारापर्यंत ना पक्ष येऊ देतो, ना समाजातील पुढारी. २०२४ च्या संपूर्ण लोकसभेत मुस्लिम महिला फक्त दोन आहेत, कैरानाच्या इकरा हसन आणि उलुबेरियाच्या सजदा अहमद. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. ते दोन्ही विरोधी सदस्य ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना त्यात स्थान नाही म्हणून विरोधात गेले. त्यांनी विरोधी मत द्यायला नको होते, असे माझे मत आहे. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे उत्तर कायद्यात नसले तरी उमेदवारी देताना आपण देऊ शकता.

माझी मागणी मोजकी आहे. लोकसंख्येच्या हिशेबाने ४८ पैकी साडेपाच जागा होतात. मी चार म्हणतो. २०२९ साठी प्रत्येक आघाडीने आपल्या ४८ उमेदवारांत किमान चार मुस्लिम उमेदवार द्यावेत, त्यांत किमान एक स्त्री असावी, आणि ते अशा जागांवर द्यावेत जिथे आघाडीला स्वतःला जिंकण्याची आशा आहे. हरण्यासाठी ठेवलेली जागा देऊन नंतर तिचा दाखला देऊ नये. नावे निवडणुकीच्या दीड वर्ष आधी ठरावीत, म्हणजे त्या उमेदवाराला सहाही विधानसभा क्षेत्रांतील सुतक, लग्न, जत्रा, हरिनाम सप्ताह करता येतील. मित्रपक्षांच्या जिल्हाध्यक्षांनी त्याच्यासोबत फिरावे, आणि ते फिरले की नाही हे बूथनिहाय आकड्यांवरून तपासावे. तो तपास कसा करतात हे आम्ही बूथप्रमुख आपल्याला शिकवू. पहिल्यांदा तो पडला, तर त्याला दुसरी संधी द्यावी. बौद्ध, ख्रिश्चन, जैन, शीख इच्छुकांनाही याच न्यायाने वागवावे. आणि ज्यांना नाकारले त्यांना नाकारण्याचे कारण लेखी द्यावे, दोन ओळींचे असले तरी चालेल.

नोंदणीच्या वेळी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली आपण प्रत्येकाने धर्मनिरपेक्षतेच्या तत्त्वावर निष्ठा ठेवू असे लेखी दिलेले आहे. ते पत्र आपल्या दप्तरात असेल.

माझ्या सहकाऱ्याची फाइल अजून माझ्या दुकानाच्या लोखंडी कपाटात आहे. मागच्या महिन्यात मी ती काढून २०२४ चे आकडे त्यात भरले आणि शेवटी दोन नवी नावे जोडली. एक आमच्या तालुका न्यायालयात वकिली करणारी ३४ वर्षांची मुलगी आहे, आणि दुसरा एका गावचा दोनदा बिनविरोध निवडून आलेला सरपंच आहे, ज्याच्या गावात मुस्लिमांची घरे एकूण अकरा आहेत. इच्छुकांच्या मुलाखतींची तारीख आणि ठिकाण कळवावे. आम्ही चौघेही येऊ, आणि या वेळी फाइल उघडून पाहावी अशी विनंती आहे.

कळावे,

आपला,
एक बूथप्रमुख
जि. वाशिम